चार बोटं पाणी

आमच्या घरात मासा शिजत नाही. तरी डोहातल्या माशांची राखण सरकारनं माझ्याच गळ्यात घातली, कारण माशांना हाका मारणाऱ्या बाया गावात दोनच. एक मी आणि दुसरी माझी सासू पार्वतीबाई. तिला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई मेच्या पहिल्या आठवड्यात गेली. तिच्या दहाव्याला सकाळी मी डोहावर पोचले, तर तिचे चार मासे पोट वर करून कडेला लागलेले.

हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे खडस मासे. एके काळी मांजरा नदीत कुठंही पाय घातला की पोटरीला लागायचे म्हणतात. वाळू गेली, बारीक जाळी आली, आणि आता नदीकाठच्या मेहकरच्या खाली आमच्या ह्या एका डोहात अकरा उरले होते. म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत अकरा.

ते इथं उरले ते आमच्या एका रीतीमुळं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर आम्ही तो घास डोहात सोडतो. खडसानं घेतला की मेलेलं माणूस तृप्त झालं. त्यामुळं इथल्या माशाला कुणी गळ टाकत नाही. आपला आजा कुणाच्या पोटात आहे काय सांगावं. माझ्या नवऱ्याच्या वेळी दोन तास कावळा फिरकला नाही. जिवंतपणी तरी तो कुणाचं ऐकत होता? शेवटी फाटक्या ओठाच्या एका माशानं येऊन घास नेला. तेव्हापासून आठ वर्षं मी त्या माशाला रोज भाकरीचा तुकडा घालते. चार गोष्टी सुनावतेही.

डोहाच्या वर बंधारा व्हायचं ठरलं तेव्हा मासे खात्यातली प्रतीक्षा नावाची मुलगी गावात आली होती. कंत्राटावरची नोकरी, पायात पुरुषी चप्पल. तिनं भांडून एक अट घालून घेतली. बंधाऱ्याचं एक दार बारा महिने चार बोटं उघडं ठेवायचं, म्हणजे डोहात वाहतं पाणी राहील. पावसाळ्यात ह्याच माशांची पिल्लं वाढवून वरखाली नदीत सोडायची. बंधाराही होईल, मासाही राहील. मला ते पटलं होतं. बंधाऱ्यामुळं माझ्या दारात नळ आला. नळ नको म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे.

दोन पावसाळे अट पाळली गेली. मग गेल्या साली पाऊस ओढला आणि यंदा मार्चमध्ये दार बंद झालं. आठ दिवसांसाठी, असं बंधाऱ्याच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे माझे थोरले दीर, अंकुशराव. दार फिरवायचा लोखंडी दांडा त्यांच्या घरात, धान्याच्या कोठीमागं. ते आठ दिवस मे आला तरी संपले नव्हते.

आणि त्यात आत्याबाई गेली. जिनं जन्मभर माशांना घातलं, तिच्या नावानं गावानं माशांना घालायचं ठरवलं. कुणी सांगितलं नाही, आपोआप झालं. तिसऱ्या दिवसापासून घराघरातनं भाकऱ्या, गव्हाची गोड हुग्गी, भात, शेंगापोळीचे तुकडे डोहात पडायला लागले. सहाव्या दिवशी मासे तोंडं उघडून वर यायला लागले. काठावरच्या बाया रडल्या, म्हातारीच्या आठवणीनं उपाशी राहिलेत म्हणून. मीच म्हणाले, "आणखी आणा गं, भूक न्हाई भागायली त्यांची." राखणदार मी. माझ्या शब्दावर दुसऱ्या दिवशी दुप्पट भाकऱ्या आल्या.

प्रतीक्षा स्कूटीवरून आली तेव्हा मी मेलेले चार लुगड्याच्या तुकड्यावर ओळीनं ठेवले होते. तिनं डोहातलं पाणी लहान बाटलीत घेतलं, त्यात कसलेसे थेंब टाकले आणि बाटली उन्हात धरली.

"रंग यायला पायजे होता अक्का. पाण्यात हवाच न्हाई. काय घातलंय ह्यात?"

"सगळ्या गावानं घातलंय. आत्याबाईच्या नावानं."

"तोंड उघडून वर यायले म्हणून?"

"व्हय. भुकेजले असं मलाच वाटलं."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. "भूक न्हाई अक्का, दम लागलाय त्यांना. तळाला अन्न सडायलंय, ते पाण्यातली हवा खायलंय. वरनं नवं पाणी न्हाई. सांजेपतोर दार न्हाई उघडलं तर एकबी राहत न्हाई. आणि हे गेले तर पिल्लं कशाची काढू मी? नदीत दुसरे न्हाईतच."

मी आणि ती घमेली घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि तळाची सडकी रेंद उपसायला लागलो. आंबलेल्या हुग्गीचा वास. सात दिवसांची माया अशी हातानं उपसून काठावर टाकायची वेळ कुणावर येऊ नये.

दहा वाजता भावकी आली. दहावा डोहाच्या काठावरच असतो. अंकुशराव भाऊजी मुंडण करून ओल्या धोतरानं पिंडासमोर बसले. बंधाऱ्याचा राखणदार सिद्धू बाजूला उभा होता. मी चिखलाच्या हातानं त्याला खुणावलं.

"दांडा मालकाकडं हाय वैनी," तो कुजबुजला. "मला कामून मारायलाव?"

मी तशीच भाऊजींसमोर गेले. "दार उघडा भाऊजी. चार बोटं. अटीपरमाणं."

"आज आईचा दहावा हाय रेणुका."

"म्हणून तर आज म्हणायलेय."

"बंधाऱ्यात पाणी किती राह्यलंय बघितलीस? सात गावचे नळ हायेत. माशासाठी लेकरं तहानेनं मारू?"

"नळाला आन माशाला मिळून पुरतंय. प्रतीक्षाबाईनं हिशोब करून दिलाय तुमाला. पुरत न्हाई ते उसाला. बंधाऱ्यावर एकवीस मोटरी चालायल्यात."

एकवीस मोटरींचे मालक तिथंच मुंडण करून नाहीतर टोप्या काढून बसलेले.

"त्यात तुझ्या वाटणीचा बी ऊस हाय," भाऊजी म्हणाले.

"हाय ना. जळू द्या माझा पहिला."

"बायकांनी असल्या येळेला बोलत जाऊ ने," गुरुजी म्हणाले, आणि पिंड पुढं सरकवला.

मग कावळ्याची वाट पाहणं सुरू झालं. बाभळीवर तीन कावळे होते. तिघंही दुसरीकडं बघत होते. अशा वेळी मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून कबूल करावं लागतं. भाऊजींनी सुरुवात केली.

"आई, विजयश्रीचं लगीन चांगल्या घरात करतो." विजयश्री त्यांची मुलगी. कावळे हलले नाहीत.

"आई, तुझी म्हस विकत न्हाई." नाही.

"मारुतीच्या देवळाला पत्रे घालतो." नाही.

"रेणुकाला बांधावरचं आंब्याचं झाड देतो." माझ्याकडं न बघता म्हणाले. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. आंबा मला तरी कशाला हवा होता.

ऊन डोक्यावर आलं. मी पाण्यातच उभी होते. सात मासे राहिले होते, त्यातला एक माझ्या डोळ्यांदेखत आडवा झाला. बाकीचे पाण्याच्या कातडीला ओठ लावून हवा ओढत होते, च्यप्, च्यप्, च्यप्. जमलेल्या साठ माणसांना तेवढंच ऐकू येत होतं.

"आता रीतीपरमाणं करा," गुरुजी म्हणाले. "घास डोहात सोडा. मासे कसे वाट बघायलेत बघा."

भाऊजी पत्रावळ घेऊन उठले. मी पाण्यातनं सरकत त्यांच्या पुढ्यात गेले आणि दोन्ही हात आडवे केले.

"न्हाई भाऊजी. भाताचं एक शीत बी न्हाई."

"रेणुका, सरक."

"न्हाई."

"तुझ्या नवऱ्याचा घास चालला ह्या डोहाला. माझ्या आईचा चालत न्हाई व्हय?"

मला चारचौघांत रडण्याचा फार राग आहे. मी फक्त बोट दाखवलं. फाटक्या ओठाचा तो मासा माझ्या मांडीपाशी आला होता, सवयीनं. अर्धा कलंडलेला. एक कल्ला पाण्याबाहेर उघडझाप करत होता.

"त्यो बघा," मी म्हणाले. "तुमचा भाऊ ह्याच्या पोटात गेला. आता ह्याला घास देऊन बघा, घेतोय का. त्येला घास नको भाऊजी, त्येला श्वास पायजे. आत्याबाईला बी हेच पायजे असंल. तिचा जीव म्हशीत न्हाई आन पत्र्यात बी न्हाई. तुम्ही पोटचे हाव, तुमाला म्हाईत हाय."

भाऊजी त्या माशाकडं बघत राहिले. लहानपणी ह्याच काठावर आईच्या मांडीवर बसून त्यांनी चुरमुरे टाकले असतील. मी तेव्हा नव्हते. पण त्यांचा चेहरा बघताना मला ते पोर दिसलं, मुंडण केलेलं, साठीचं.

ते मागं फिरले. पत्रावळ जागेवर ठेवली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, दार उघडतो. चार बोटं. पाऊस येईपतोर उसाच्या मोटरी बंद."

आम्ही सगळ्यांनी बाभळीकडं पाहिलं.

कावळे उडून गेले. तिघंही. पिंडाकडं नाही, थेट नदीपलीकडं.

कुणीतरी खोकलं. एकवीस मोटरींपैकी कुणीतरी असणार. भाऊजींनी गुरुजींकडं पाहिलं. "शिवला न्हाई. मंग आईला ते नको असंल. वचन मागं घेता येतंय का?"

गुरुजींनी घाम पुसला. "कावळ्याचं कावळ्यापाशी. वचन आईला दिलंय."

"पर शिवलाच न्हाई म्हणल्यावर..."

तेवढ्यात दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. गीताबाई, माझी थोरली जाऊ, कधी घरी जाऊन आली ते कुणाला कळलं नव्हतं. नेसूच्या पदरात गुंडाळून आणलेला दांडा तिनं सिद्धूच्या पायाशी टाकला होता. अख्ख्या सुतकात ती एक शब्द बोलली नव्हती. आता एवढंच म्हणाली, "सासूला शबूद दिलावा तुमी. मला त्याच घरात राह्यचंय." सिद्धूनं दांडा उचलला आणि पळत सुटला. पिंड गायीनं खाल्ला.

पाणी डोहात यायला पाऊण तास लागला. आधी दगडांमधून एक काळपट रेघ, मग पन्हळीतून पडावं तसं पाणी फेसाळत आलं. प्रतीक्षा आणि मी मासे त्या धारेकडं लोटत होतो, हातानं, पदरानं. तोपर्यंत पाच राहिले होते. त्यातले चार धारेच्या तोंडाशी गेले आणि तिथं थरथरत उभे राहिले. फाटक्या ओठाच्याला मी दोन्ही हातांत धरून पाण्यात उभं केलं. सोडलं की तो कलंडायचा. पुन्हा धरायची. सावल्या लांब होईपर्यंत धरलं. मग प्रतीक्षानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अक्का, सोडा आता."

बाभळीखाली पुरला त्याला. मासा पुरताना काय म्हणायचं ते मी गुरुजींना विचारलं नाही. तेव्हाही त्याला नेहमीसारखेच चार शब्द सुनावून आले.

त्याला आज बारा दिवस झाले. दार चार बोटं उघडं आहे. मी रोज सकाळी जाऊन फटीत माझी बोटं घालून बघते, कारण एकदा ती अडीच झाली होती. ऊस पिवळा पडायला लागलाय, माझाही. दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय आणि एकानं मोटरीला वायर लावून बघितली. पाऊस कमीत कमी तीन आठवडे लांब आहे. चारांत मादी आहे का, हे प्रतीक्षालाही ठाऊक नाही. पावसाचं पाणी आल्यावरच कळेल म्हणते. सगळे नरच निघाले तर? असं मी विचारलं, तेव्हा ती बाटलीला झाकण लावत बसली.

मी हाक मारत नाही आता. तरी माझी सावली पाण्यावर पडली की चारही वर येतात आणि तोंड उघडतात. भूक आहे की दम, हे मला अजून नक्की ओळखता येत नाही. मी काठावर बसते. पदरातली भाकर काढते आणि त्यांच्यासमोर, एक एक तुकडा, मीच खाते.