वीस मिनिटांची रेघ

"काका, काकूंची सवत सापडली," वेधशाळेच्या प्लेटखोलीच्या दारातूनच शास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या.

रेघकाकांच्या हातातली काचेची प्लेट, आकाशाचा जुना फोटो, पडली नाही. या बातमीची वाट ते अठ्ठावीस वर्षं पाहत होते, पण काचा सांभाळायची सवय तेहेतीस वर्षांची होती. त्यांनी प्लेट पाकिटात सरकवली आणि मग खुर्ची शोधली.

सवत म्हणजे एक दगड. काका जुन्या दुर्बिणीवर सहायक होते तेव्हा एका संध्याकाळच्या प्लेटवर ताऱ्यांच्या ठिपक्यांमध्ये त्यांना एक बारीक रेघ दिसली होती. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरते, त्यामुळे फोटोत तारे ठिपकेच राहतात. शटर उघडं असताना जो त्यांच्यातून सरकतो, तो रेघ ओढतो. पृथ्वीच्या शेजारून चाललेला लघुग्रह. पुढे महिनाभर शोधला, दिसला नाही. काका सुट्टीच्या दिवशीही त्याच्या कक्षेची आकडेमोड करत बसू लागले, तेव्हा घरून 'सवत' हे नाव पडलं आणि वेधशाळेतून 'रेघकाका'. वेधशाळेत बढतीला उशीर लागतो, टोपणनावाला नाही.

मॅडमनी कागद पुढे केला. काकांनी तो जन्मपत्रिकेसारखा वाचला. लांबी तीनशे चाळीस मीटर. आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा, दोन गोटे एकमेकांना चिकटलेले. रंग कोळशाचा. स्वतःभोवती फिरायला नऊ तास. वजन अंदाजे ऐंशी लाख टन. आणि तिचं वर्ष आपल्यापेक्षा साडेतेरा दिवसांनी मोठं. म्हणजे आपल्या अठ्ठावीस फेऱ्या होतात तेव्हा तिच्या सत्तावीस होतात आणि गाठ पडते. मधली सगळी वर्षं ती दूर असते.

"संचालकांनी वर्तमानपत्राला फोन केला," मॅडम हसत म्हणाल्या. "पेपरवाले म्हणाले, आदळणार आहे का? हे म्हणाले, नाही. ते म्हणाले, मग फोन कशाला केलात?"

काका हसले. मॅडम थांबल्या.

"एकच अडचण आहे, काका. तुमची प्लेट जुळत नाही. ही कक्षा मागे नेली, तर त्या संध्याकाळी ती तुमच्या रेघेवरच येते. पण तुमच्या वहीत शटर पाच मिनिटं उघडं असल्याची नोंद आहे. एवढी लांब रेघ पाच मिनिटांत होत नाही. वीस लागतात. पाच धरल्यामुळे ती चौपट वेगाने पळतेय असं वाटलं आणि सगळ्यांनी भलत्याच आकाशात शोधलं."

"असं का," काका म्हणाले.

"वीस होती का? तसा दुरुस्तीचा अर्ज द्या. शोध तुमच्या नावावर होईल आणि नाव ठेवायचा हक्कही तुमचा. काकूंचं ठेवणार होतात ना?"

ती संध्याकाळ काकांना पाठ होती. सात वीसला शटर उघडलं. सात पंचवीसला शेजारीणबाईंचा फोन: कळा सुरू झाल्यात, दिवस भरायच्या आधीच, लगेच या. काका म्हणाले, निघालोच. आणि सात चाळीसपर्यंत तिथेच उभे राहिले, कारण अर्धवट प्लेट फुकट जाते. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मुलगी राहिली नाही. नंतर दुसरं मूल झालं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी वहीत लिहिलं: सात पंचवीस, शटर बंद, घरी रवाना. बायकोलाही तेच सांगितलं. वहीतलं आणि घरातलं एकच असलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं.

दगडाला मात्र वही दाखवली नव्हती.

अर्ज खिशात घालून ते संध्याकाळी घरी आले. बायको शेंगा सोलत बसली होती.

"अगं, सापडली."

"कुठे होती इतकी वर्षं?"

"तिच्या वाटेवरच. आम्हीच भलतीकडे शोधत होतो."

"अहो, मग चूक कुणाची?"

काकांनी सांगितलं. सात पंचवीस, सात चाळीस. सांगायला पंधरा सेकंदही लागले नाहीत. बायकोचे हात थांबले नाहीत. पंधरावीस शेंगा झाल्यावर थांबले.

"दिसायला कशी आहे?" तिने विचारलं.

काकांना हायसं वाटलं. शेंगेसारखी, ते म्हणाले, अगदी तुझ्या हातातल्या या शेंगेसारखी. त्यांनी लांबी सांगितली, रंग सांगितला, नऊ तास सांगितले.

"आणि वजन?"

"ऐंशी लाख टन. अंदाजे."

"आपल्या मुलीचं किती होतं?"

काकांनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"तुम्ही विचारलंच नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने टरफलं कागदात गोळा केली. "एक किलो नऊशे."

ती दिवा लावायला उठली. काकांनी अर्ज काढून मांडीवर पसरला, पाचच्या जागी वीस लिहिलं, सही केली. मग पेन धरून ते बराच वेळ कागद वरून खाली शोधत राहिले. नावासाठी रकाना होता. एक किलो नऊशेसाठी नव्हता.