सावलीची खिडकी

विमानाची तिकिटं काढताना मी कधी नव्हे ते डोकं लावलं होतं. पुण्याहून दिल्लीला जाताना चाकण, निघोजे डाव्या हाताला राहणार. म्हणून डावीकडचीच खिडकी, तीही पंखाच्या पुढची, आईसाठी धरून ठेवली होती.

आईला, म्हणजे गवराबाईला, काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, दिसतंय तोवर काय दाखवायचं ते दाखवून घ्या. तिला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. दिल्लीतलं माझ्या बहिणीचं नवं बाळ आणि निघोज्यातला आमचा बांध. त्या बांधावर आम्ही अण्णांना, माझ्या वडिलांना, अग्नी दिला, कडुलिंबाखाली छोटी समाधी बांधली. पुढे जमीन कंपनीत गेली. सुरुवातीला पुण्यतिथीला गेटवरून आत सोडायचे, मग तेही बंद झालं. कंपाउंडची भिंत एवढी उंच की बाहेरून लिंबाचा शेंडाही दिसत नाही.

"वरनं बघितलं तर भित आड येणार न्हाई ना रं बाळू?" आईनं एकदा विचारलं होतं. समाधी एवढ्या वरून दिसणार नाही हे तिलाही कळत होतं. लिंब दिसला तरी पुरे, म्हणायची.

विमानात चढलो तर माझी बायको तेजल पुढे होऊन आईला उजवीकडच्या खिडकीत बसवत होती.

"ही कुठली सीट?" मी विचारलं.

"चेक-इन करताना बदलून घेतली. दुपारचं विमान आहे, डावीकडून ऊन येईल. आईंचे डोळे चुरचुरतात ना," ती म्हणाली. स्वतःवर खूश होती.

आमच्या घरात एसटीत चढलं की आधी ऊन कुठल्या बाजूला ते बघतात, मग जागा धरतात. तेजलनं तेच केलं होतं. माझं डोकं तापलं. "अगं, आपलं रान तिकडं..." एवढंच बोललो, तोच आईनं माझं मनगट दाबलं. तेजल वर पिशव्या ठेवत होती, तिला ऐकू गेलं नाही. डावीकडच्या खिडकीत एक बाई तान्हं बाळ खांद्यावर झोपवून बसली होती. तरी मी विचारायला उठलो.

"बस खाली. लेकरू झोपलंय," आई म्हणाली.

विमान उडालं. आईनं काचेला कपाळ टेकलं. खाली टेकड्या, नदी, कुणाकुणाची शेतं. मी मान वाकडी करून डावीकडे पाहिलं. त्या बाईच्या खांद्यावरून निळ्या पत्र्यांच्या शेडची एक रांग सरकून गेली. आमचा बांध त्यातच कुठंतरी होता. मला रडू आवरेना, म्हणून समोरचं मासिक तोंडापुढे धरलं.

"आई, दिसला का लिंब?" तेजलनं विचारलं.

आईनं खाली एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "दिसला की. हिरवागार हाय."

तेजलनं त्या खिडकीला हात जोडले. आईनंही जोडले.

तेजलचा डोळा लागल्यावर मी हळूच म्हणालो, "येताना रात्रीचं विमान आहे आई. पण आपण पुन्हा एकदा जाऊ."

पुन्हा जाईपर्यंत आईची नजर राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"ऱ्हाऊ दे. तिला काय बोलू नगंस," आई म्हणाली. पदरानं काच पुसत राहिली. "ह्यांनी मला कदी उन्हाच्या बाजूला बसू दिलं न्हाई. आज आसते, तर ह्याच खिडकीत बसवलं आसतं."