मोनाची चड्डी सैल करण्याचा उद्योग

उचगावात आण्णांच्या शब्दाला वजन होतं. तरुणपणी त्यांनी भल्याभल्या पैलवानांना अस्मान दाखवलेलं. कॉलेजातली नात मोना सायकल शर्यतीत पहिली यायची, याचाही त्यांना कोण अभिमान! भांडण होतं ते फक्त चड्डीशी.

आधी मोना सलवार घालून सायकल पळवायची. ती साखळीत अडकली आणि पोरगी तोंडावर आपटली. मग विरूपाक्ष टेलरनं सुती हाफपँट शिवली. तिची मधली जाड शिवण अशी काचली, की मोना चार दिवस उभ्यानंच जेवली. शेवटी दोन हजार एक साली तिच्या सरांनी पुण्याहून लायक्राची, अंगाला घट्ट बसणारी चड्डी आणली. आत मऊ गादी आणि काचणारी शिवण कुठंच नाही.

"ह्यी घालून चारचौघांत? न्हाय जायाचं!" आण्णांनी निकाल दिला.

दुसऱ्याच दिवशी निवडीची शर्यत होती. मोनानं जेवण सोडलं. तिचं उतरलेलं तोंड आण्णांना बघवेना, म्हणून त्यांनीच तोड काढली. नवी कोल्हापुरी चप्पल चावली तर आपण काय करतो? तेल पाजतो आणि सैल व्हायला मोठ्या पायाच्या माणसाला वापरायला देतो. मग चड्डीनं काय घोडं मारलंय? त्यांनी खोलीचं दार लावलं, मांड्यांना तेल चोळलं आणि चड्डी चढवली. चढली की हो!

उतरेना मात्र. तेलकट बोटांत कापड ठरेना. जरा खाली ओढावं, तर फाटकन जागेवर. वर धोतर नेसून वेळ मारून न्यावी, तर पोट असं आवळलेलं, की खाली बसायची सोय नाही. तेवढ्यात त्यांचा तालमीतला जोडीदार बाळासो अंगणातून ओरडला, "आण्णा, आवरा की! पंच न्हाईत म्हणून कुस्त्या खोळंबल्यात!"

आण्णांनी दार किलकिलं करून बायकोला हाक मारली. अंबूबाईंनी डोकावून पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

"थांबा, कात्रीच आणतो," त्या म्हणाल्या.

"कात्री न्हाय लावायची!" मोना दाराबाहेरून ओरडली. "आण्णा, काढायची युक्ती हाय. पर आधी मला शर्यतीला जा म्हणा."

"आधी युक्ती सांग."

"आधी जा म्हणा."

बाळासो सोप्यात येऊन ठेपला. "काय झालं वो, वैनी?"

ज्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, ते आण्णा दाराआडून म्हणाले, "जा, माझे आई, जा!"

"बोटं पुसा. आन् कंबरंपासनं उलटी करत खाली आणा, मोज्यागत."

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या चढावर मोना सगळ्यांना मागं टाकून वर गेली. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ नाक मुरडून म्हणाला, "पोरगी दमाची हाय. पर चड्डी लईच तंग की वो."

"तंगबिंग काय न्हाय, पावणं!" आण्णा गरजले. "एकदा अंगात घालून बघा, मग बोला!"

आणि मग, बाळासो मागंच उभा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.