सात सुताचा मास्टर

सव्वादहाला बाई गाडी घेऊन गेल्या. साडेदहाच्या सुमाराला चहाचे ग्लास विसळता विसळता गॅरेजमधला माझा गडी बसलिंगप्पा सहज म्हणाला, "मालक, बाईंच्या गुडघ्याला काय झालंय का वो? गाडीत बसताना उजवा पाय दोनी हातानं उचलून आत ठेवला त्यांनी."

माझ्या हातातला पाना हातातच राहिला.

"तू बघितलंस?"

"व्हय की. दार मीच धरलं व्हतं."

"मग तवाच का न्हाय बोललास?"

"तुमी तवा बाईंना शिकवत व्हता की."

खरं बोलला म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. मी फोन उचलला आणि बाईंना लावला. रिंग वाजत राहिली. वाजणारच होती. गाडी चालवताना बाई फोन घेत नाहीत. "वर्ग चालू असताना कुणी गप्पा मारतं का?" असं विचारतात. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

बाई म्हणजे जगदेवी बाई. नववीला आम्हाला शास्त्र शिकवायच्या. मला त्यांनी किती वेळा बाकावर उभं केलं ते मोजायला गेलो तर हाताची बोटं पुरायची नाहीत. आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. पिस्ता रंगाची फियाट त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली, चाळिशीत चालवायला शिकल्या, आणि अजून आठवड्यातून तीनदा त्या गाडीनं होटगीला जातात, तिथल्या दहावीच्या मुलींना गणित-शास्त्र शिकवायला. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. त्यांना करमत नाही म्हणून जातात.

मुलगा अनिलकुमार पुण्यात. त्याला हे पटत नव्हतं. या दिवाळीत त्यानं अट घातली : पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे, गाडी नव्या गाडीसारखी थांबली पाहिजे. आणि त्यानंतर एक जरी ठोकर लागली, तरी किल्ली त्याच्याकडे आणि गाडी विकायची. बाई कबूल झाल्या. काम माझ्याकडे आलं.

फियाटला मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढं डिस्क बसवायचे तर जुना मास्टर सिलिंडर चालत नाही. पेडल दाबलं की ऑइल पुढं ढकलतो तो हा मास्टर. ड्रमच्या मास्टरमध्ये एक बारका व्हॉल्व्ह असतो, तो लाईनीत थोडं प्रेशर धरून ठेवतो. डिस्कला तसं झालं तर पॅड रात्रंदिवस घासत बसतात. तेव्हा मास्टर नवा घ्यायचा हे ठरलेलंच. प्रश्न एवढाच होता की केवढा. माझ्या टेबलावर दोन होते. एकाचं भोक सहा सुताचं, म्हणजे पाऊण इंच. दुसऱ्याचं सात सुताचं.

मी सात सुताचा बसवला. का, ते सांगतो. सोलापुरात ब्रेकचं काम केल्यावर गिऱ्हाईक गाडीत बसतं, जाग्यावरच दोनदा पेडल दाबतं, आणि ते दगडासारखं लागलं तर म्हणतं, "आत्ता कसा टाईट झाला!" पेडल जरा खाली गेलं की लगेच, "ब्रेक बसतोय की वो." तीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. मोठा मास्टर म्हणजे पेडल वर आणि कडक, गिऱ्हाईक खूश, मीही खूश. ट्रायल मी घेतली, मग बसलिंगप्पानं घेतली. हा गडी तरुणपणी तालमीत होता, वजन शंभराच्या पुढं. त्यानं पाय ठेवला की बैलगाडीसुद्धा थांबेल.

सकाळी बाईंनी टेबलावर उरलेला सहा सुताचा मास्टर हातात घेऊन बघितला होता. त्यांनी विचारलं, "महेश, जोर तेवढाच असेल तर लहान भोकातून दाब जास्त मिळतो ना रे? मग लहान का नाही घेतलास?"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, तसं माझं झालं. "बाई, हे गॅरेज हाय, शाळा न्हाय. फळ्यावरचं वेगळं आन् रस्त्यावरचं वेगळं."

त्यांनी मास्टर टेबलावर ठेवला. गाडीत बसल्या. गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये एक चक्कर मारली आणि गेल्या. पहिल्या गिअरमध्ये गाडी नुसती इंजिनानंच थांबते. ती काय ट्रायल म्हणायची?

कडक पेडल आणि तो पाय, एवढंच डोक्यात घेऊन मी मोटरसायकल काढली.

होटगी रोडला उसाचे दिवस असले की जीव मुठीत धरूनच चालवावं लागतं. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना काही, आणि मधूनच सिमेंटचे बल्कर टँकर. दर वळणाला मला पुढं गर्दी दिसायची आणि जवळ गेल्यावर ती भाजीवाल्याभोवतीची निघायची. एका पानटपरीवर ओरडून विचारलं, "हिरवी फियाट गेली का हितनं?" तो म्हणाला, "बाई चालवत व्हत्या ती व्हय? गेली की. लई सावकाश." सावकाश ऐकून बरं वाटलं, मग लगेच वाटलं, सावकाश का? बाई सावकाश चालवत नाहीत. त्यांना काहीतरी कळलं असणार. मी स्वतःलाच शिव्या देत होतो, मोठ्यानं, हेल्मेटच्या आत.

दोन किलोमीटर पुढं गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, नाक मुरमाच्या ढिगात. बाई बाजूला बाभळीखाली उभ्या होत्या, पदर खोचलेला, पर्स काखेत. एक ट्रॅक्टरवाला त्यांना पाण्याची बाटली देत होता.

मी मोटरसायकल स्टँडला लावायचंही विसरलो, ती आडवी पडली.

"बाई, लागलं का?"

"मला नाही. बंपरला लागलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "ट्रॉली एकदम थांबली. मी दाबला, पुन्हा दाबला, दोन्ही पायांनी दाबला. गाडी हळू होत होती, थांबत नव्हती. मग हँडब्रेक ओढला आणि ढिगात घातली."

मला त्यांनी रागवायला हवं होतं. चारचौघांत झापलं असतं तरी चाललं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पेडल कडक आहे रे, पण ते तुझ्या पायाला कडक आहे. माझ्या पायाला ती भिंतच आहे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनिलकुमार.

"महेशअण्णा, ट्रायल झाली का? आई फोन उचलत नाहीये."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी बंपरकडे बघितलं. त्यांनी खूण केली असती तर मी वाटेल ते खोटं बोललो असतो. 'झाली, एकदम फर्स्टक्लास' हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच असतं, रोज दहा जणांना म्हणतो. पण त्यांनी खूण केली नाही.

"ठोकर लागली," मी म्हणालो. "बाईंना काय झालं न्हाय. मुरमात गेली गाडी. चूक माझी हाय, अनिलराव. बाईंनी सकाळीच विचारलं व्हतं, मी ऐकलं न्हाय."

तो म्हणाला, "अण्णा, आमचं ठरलं होतं. गाडी विकायची."

"माझ्या चुकीवर नका विकू. दोन दिवस द्या मला."

"दोन दिवसांनी तुम्ही तिच्या शेजारी बसा. गाडी तिच्या पायानं थांबते की नाही, एवढंच मला सांगा. हो किंवा नाही. आणि खोटं बोलू नका."

"मी बाईंचा विद्यार्थी हाय."

"म्हणूनच काळजी वाटते," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गाडी मी चालवत परत आणली. माझ्या पायाखाली ती नालायक शहाण्या पोरासारखी जागच्या जागी थांबत होती. प्रत्येक वेळी थांबली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षानं आल्या. माझ्या लेकीनं, काव्यानं, वजन कमी करायला एक काटा घेतला होता, तो मी घरून आणला होता. भिंतीला उभा टेकवला, समोर फियाटच्या सीटएवढ्या उंचीचा स्टूल ठेवला. बाईंनी बसून पायानं काटा दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. अडतीस किलो. मग मी दाबला. नव्वद.

बाईंनी बसलिंगप्पाकडून खडू मागून घेतला आणि माझ्या शटरवर लिहायला सुरुवात केली. "सहाचा वर्ग?"

"छत्तीस."

"सातचा?"

"एकोणपन्नास."

"म्हणजे लहान मास्टरला छत्तीस किलोचा जोर लागत असेल, तर तेवढ्याच दाबासाठी मोठ्याला एकोणपन्नास लागतो. माझ्याकडं अडतीस आहेत. आता तूच सांग."

बसलिंगप्पा शटरकडं बघत म्हणाला, "मालक, येवढं सोपं व्हतं व्हय?"

मी सात सुताचा काढला. सहा सुताचा मास्टर बसवला. मागचे ड्रम अगदी जवळ घेतले, म्हणजे पेडलची चाल वाया जायला नको. ब्रेकच्या लाईनीतली हवा चार वेळा काढली. शेवटी जाग्यावर पेडल दाबून बघितलं तर ते मऊसर लागलं, दोन बोटं खाली गेलं, आणि तीस वर्षांची सवय ओरडून म्हणाली, ब्रेक बसतोय! माझा हात पुन्हा पान्याकडं जात होता. तो मीच खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. मी शेजारी बसलो. होटगी रोडला लागल्यावर तिसरा गिअर, चौथा. स्पीडचा काटा पन्नासवर. पुढं लांबवर उसाची ट्रॉली होती.

"इथं बघू या?" बाई म्हणाल्या.

"जरा पुढं, बाई. जरा मोकळं..."

त्यांनी दाबला. गाडीचं नाक खाली झुकलं, माझी छाती पट्ट्याला लागली, मागं कुणीतरी हॉर्न वाजवला आणि फियाट सरळ रेषेत थांबली. ट्रॉली अजून बरीच लांब होती. बाईंचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

मी फोन काढला. नंबर सापडेना.

"अनिलला सांग," बाई म्हणाल्या. त्या माझ्या पायांकडं बघत होत्या. "पण आधी तो पाय उचल, महेश. तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय चपलेसकट मॅटवर गच्च दाबलेला होता, पार पोटरीत गोळा येईपर्यंत.

मी पाय उचलला. गाडी जागची हलली नाही.