एक रुपयाचा कच्चा टाका

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो, मी दमलोय. पाठीचं झाकण निसटू नये म्हणून मला रबरबँड लावलाय. चार्जरची पिन सरळ बसत नाही, म्हणून तिच्याखाली दोऱ्याचं रीळ टेकवावं लागतं. आणि माझ्या काचेवर, बरोबर पुढच्या छोट्या कॅमेऱ्यावरून, एक तिरपी रेघ गेली आहे. ज्या घरात कात्री सापडेना झाली की कपड्यांचा अख्खा ढीग उपसला जातो, त्या घरात मोबाईल जमिनीवर आपटणारच. तक्रार कुणाकडे करणार?

माझा जन्म एका पांढऱ्याफटक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझी काच पुसली, तिच्यावर पातळसा कागद चिकटवला आणि मला खोक्यात निजवलं. इतक्या हळुवारपणे पुढे मला फारसा कुणी हात लावला नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटातून मला ताईनं उचललं. ताई म्हणजे माझी मालकीण. ती कपडे शिवते. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट झगे, खाली चिंध्यांची टोपली, आणि मशीनच्या फळीवर मी, असा आमचा संसार.

सुरुवातीला माझे काय लाड होते म्हणून सांगू! उरलेल्या मखमलीची तिनं मला पिशवी शिवली. गिऱ्हाइकं म्हणायची, "अगंबाई, नवा घेतलास वाटतं!" आणि ताई उगाचच मला झग्याला पुसायची. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! पुढे त्या पिशवीत बटणं गेली आणि मी उघड्यावर आलो.

माझं सगळ्यात मोठं काम रविवारचं. दूरच्या गावी ताईची आई राहते, ताईच्या मोठ्या बहिणीकडे. त्या बहिणीला सगळे अक्का म्हणतात. दर रविवारी ताई मला दोऱ्याच्या रिळाला टेकवून उभं करते आणि आईला तोंड दाखवते. ही आईसुद्धा एके काळची शिवणारी. तिनंच ताईला शिकवलं. तिचा एक दंडक होता. कापड कितीही साधं असो, पक्की शिलाई मारायच्या आधी हातानं सैल कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवून बघायचं आणि मगच मशीनला लावायचं. "कच्चा टाका उसवता येतो," ती म्हणायची, "पक्की शिलाई उसवताना कापडाचा जीव जातो." ताईनं हा दंडक कधी मोडला नाही. म्हणजे, कापडाच्या बाबतीत.

गेल्या काही वर्षांत आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. रविवारी ती माझ्याकडे बघायची, पण बघायची म्हणजे आपली मान वळवायची. "आवाज येतो गं तुझा. बाकी नुसतं धुकं आहे," असं म्हणून हसायची. हसली की ताई खाली मान घालून उगाच सुई शोधायची.

शेवटी ऑपरेशन ठरलं. निम्मा खर्च अक्का करणार होती, निम्मा ताई. ठरलेल्या दिवसाच्या आधी पैसे भरले नाहीत, तर तारीख दुसऱ्याला जाणार होती. पूर्वी ताई पैसे कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती धाडायची. आता तेवढा वेळ नव्हता. मोबाईलवरून पाठवायचे, हे ठरलं. पण कुठल्या ॲपवरून?

इथून माझे हाल सुरू झाले, मित्रांनो. आधीच माझं पोट फुटायला आलेलं, त्यात ताईच्या धाकट्या जावेनं एक ॲप भरलं. "माझ्या लिंकवरूनच घ्या हं ताई, मला कूपन मिळतं," ती म्हणाली. ते ॲप भलतंच उत्साही होतं. उघडलं की रंग उधळायचं, बक्षिसं दाखवायचं, पैसे गेले की पडद्यावर आतषबाजी करायचं. ताईनं त्याचं नाव फटाका ठेवलं. मग बँकेत नोकरी करणारी एक गिऱ्हाईक बाई माप द्यायला आली, तिनं दुसरं ॲप भरलं. ते रंगानं मळकट आणि स्वभावानं संशयी. पैसे पाठवायला जावं, तर समोरच्याचं खात्यावरचं नाव मोठ्या अक्षरात दाखवायचं, "हीच व्यक्ती ना?" असं विचारायचं, आणि पुन्हा विचारायचं. ताई वैतागली. "काय ही चौकशीआत्या! हिच्यापेक्षा सासूबाई बऱ्या होत्या," ती म्हणाली. बँकेतली बाई हसली. "ताई, पैशाच्या बाबतीत चौकशी करणारं माणूस घरात असावं."

पण चकाकतं तेच हाताला येतं. ताईनं फटाका निवडला.

आता या घरची एक खोड सांगतो. सहा-सात महिन्यांपूर्वी अक्कानं नंबर बदलला होता. ताईनं नवा नंबर माझ्यात साठवला, पण जुना पुसला नाही. कारण जुन्या नंबरापाशी एक फोटो होता. अक्का मशीनवर बसलेली, आणि मागे आई, तिच्या खांद्यावर हात ठेवून, चांगली डोळे उघडून बघतेय. धुकं यायच्या आधीची आई. "असू दे की, तो काय खायला मागतो?" असं म्हणून ताईनं तो तसाच ठेवला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. माझ्याकडे अशा कितीतरी गोष्टी पडून आहेत.

पैसे भरायचा शेवटचा दिवस उजाडला, आणि नेमकी त्याच दिवशी गणवेशांची मोठी ऑर्डर होती. एक पाय मशीनवर, एक हात माझ्यावर. ताईनं फटाका उघडला, तो फोटो दिसला, तिनं प्रेमानं त्यावरच बोट ठेवलं. फटाक्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. धाडदिशी पैसे गेले आणि माझ्या फुटक्या काचेवर आतषबाजी झाली. "अभिनंदन!" अगदी लग्नघरासारखं.

थोड्या वेळानं अक्काचा फोन आला. "अगं, पाठवतेयस ना? इथे अजून काहीच आलेलं नाही."

ताईनं मशीन थांबवून नंबर ताडून बघितला. तो जुना नंबर केव्हाच कुणा परक्याला मिळाला होता. तिनं फटाक्याच्या मदतखिडकीत लिहिलं. उत्तर आलं, "आम्हाला तुमची काळजी आहे." पुन्हा लिहिलं, पुन्हा काळजी. माणूस म्हणून कुणी भेटलाच नाही. मग तिनं त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक ट्रकचालक होता, मागे इंजिनाची घरघर चाललेली.

"दादा, माझ्याकडून चुकून तुमच्याकडे पैसे आलेत. आईच्या ऑपरेशनचे आहेत हो. परत पाठवता का?"

"ओ बाई, हा धंदा मला ठाऊक आहे. माझ्या मेव्हण्याला अशाच एका बाईनं रडून गंडवलं. मी त्या पैशाला हात लावणार नाही आणि तुम्हालाही पाठवणार नाही. खरं असेल तर बँकेतून सांगा."

फोन बंद. ताईनं मला फळीवर आदळलं आणि मशीनवर डोकं टेकवून रडली. मला लागलं, पण राग आला नाही. एकाच दिवसात बिचारीच्या हातून पैसेही गेले नि तारीखही गेली.

बँकेतल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो माणूस शहाणा आहे ताई. त्यानं तुमच्या सांगण्यावरून पैसे पाठवले असते, तर उद्या दुसऱ्या कुणी त्याला लुबाडलं असतं." तिनं रीतसर तक्रार करून दिली. दोन्ही बँकांत निरोप गेले-आले. दिवसावर दिवस गेले. ताई शिवता शिवता माझ्याकडे बघायची, आणि मी एखादी जाहिरात आली तरी थरथरायचो, की तिच्या आशेला पालवी फुटायची. नको वाटायचं मला ते थरथरणं. याच दिवसांत आईनं दुधाचं पातेलं समजून पेटत्या शेगडीला हात लावला आणि तिची बोटं भाजली. अक्कानं फोनवर सांगितलं तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "माझ्यामुळे."

अखेर ट्रकचालकानं आपल्या बँकेत जाऊन सही केली. पैसे परत आले. त्यानं स्वतः फोनही केला. "बाई, राग मानू नका. आईची तब्येत कशी आहे?"

नवी तारीख मिळाली. या वेळी ताईनं मशीन बंद केलं, हात पुसले आणि चौकशीआत्या उघडली. आत्यानं अक्काचं पूर्ण नाव दाखवलं. ताईनं ते बोट ठेवून वाचलं, आणि एक रुपया पाठवला.

अक्काचा लगेच फोन. "एक रुपया? भीक घालतेस का गं?"

"कच्चा टाका आहे तो, अक्का. बसला का नीट? मग आता पक्की शिलाई मारते."

मागून आईचा आवाज आला, "शिकली एकदाची!" कितीतरी दिवसांनी तिघी एकदम हसल्या, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

ऑपरेशननंतरच्या रविवारी ताईनं मला रिळाला टेकवून उभं केलं. पलीकडे आई होती, डोळ्यावर काळा चष्मा. तिनं तो हळूच वर केला आणि माझ्याकडे बघितलं. मान वळवून नव्हे, खरोखर बघितलं.

"थांब," ती म्हणाली. "तुझ्या गालावर ती रेघ कसली? कात्री लागली का गं?"

ती रेघ माझी होती. किती रविवार मी ताईचं तोंड त्या रेघेसकट दाखवत होतो, आणि आईनं कधी विचारलं नव्हतं.

"आई, तुला दिसतेय ती?"

"दिसतेय म्हणजे? ठसठशीत दिसतेय!"

"मला नाही लागलं गं. मोबाईलची काच फुटलीय."

"मग त्याला जरा सांभाळ की. इतकी वर्षं तुझं तोंड दाखवतोय मला, आणि तू त्याला आदळतेस?"

त्याच संध्याकाळी ताईनं मखमलीची पिशवी झटकली, बटणं डब्यात ओतली आणि मला आत ठेवलं. मित्रांनो, मी म्हातारा काय मागणार? पैसे पाठवताना हात धुऊन, मन लावून बसा. चार प्रश्न विचारणाऱ्याचा कंटाळा करू नका, आणि आधी कच्चा टाका घाला. आणि तुमच्या घरातल्या जुन्या मोबाईलला खाली ठेवताना जरा हळू ठेवा. त्यानं कुणाची तरी वाट तुमच्याइतकीच बघितलेली असते.

काच बदलून देतो, असं दुरुस्तीवाला म्हणाला होता. ताईनं नको म्हटलं. दर रविवारी आई आधी ती रेघ शोधते, आणि "आहे गं, दिसतेय," असं म्हटल्यावरच बोलायला लागते. म्हणून दमलोय तरी मी अजून चालू आहे.