मुकादमाचा टोप

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पोचा आलेला. धान्याच्या गोदामामागे, नळाजवळ माझी जागा. तिथे एक कुत्रा माझ्यातलं पाणी पीत असे. त्याचं काय झालं, ते घडलं तसं सांगतो.

आधी मी गोदामाच्या राखणदारकाकांच्या घरात अकरा वर्षं दूध तापवलं. पोचा आल्यावर शेगडीवर डुगडुगू लागलो आणि काकूंनी मला अडगळीत टाकलं. काकांनी मला तिथून उचलून कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्याचं नाव मुकादम. स्वतः काडी हलवायची नाही, पण पोती उतरवणाऱ्यांवर दिवसभर गुरकावायचं, म्हणून हमालांनीच ते ठेवलं होतं.

काकांना पाणी वाया गेलेलं खपत नसे. मला ते कधी ओतून टाकत नसत. सकाळ-संध्याकाळ वरून भर घालत. "माझ्या मुकादमाचा टोप रिकामा दिसला, तर नाव बदलीन!" असं हमालांना सांगत. मलाही त्याचा अभिमान वाटे.

पण गोदाम बंद झालं की उंदीर येत. माझ्या काठावर बसत, पाण्यात उतरत, तिथेच मुतत. मी पाहत होतो. मला वाचा नाही.

एके दिवशी मुकादमाने अन्न सोडलं, मग ओकला. "ऊन बाधलं असेल, उद्या होईल बरा," काका म्हणाले. तिसऱ्या दिवशी काकू कडाडल्या, "अहो, डोळे बघा त्याचे, पिवळेजर्द झालेत! लघवी काळ्या चहासारखी. आणखी किती उद्या?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हातमोजे घालून मुकादमाला तपासलं आणि मला हळूच कलंडवलं. तळाशी चिकट गाळ होता, त्यात उंदरांच्या लेंड्या.

"काका, हा टोप शेवटचा रिकामा कधी केलात?"

"रिकामा? मी तर रोज भरतो, बाई."

"आणि दरवर्षीची लस?"

"धडधाकट कुत्रा, म्हटलं लस कशाला."

बाईंनी मला खाली ठेवलं. "लेप्टोचा रोग दिसतोय. उंदरांच्या लघवीतून येतो. कुत्र्याला होतो, गुरांना होतो, माणसालाही होतो, जखमेतून शिरतो. मुकादमाची लघवी कुणी पुसली?"

काकांनी उजवा हात मागे घेतला. अंगठ्यावर पोतं शिवायच्या दाभणाची ताजी जखम होती.

दवाखान्यात सलाईन चालू असतानाच दुसऱ्या दिवशी मुकादम गेला. आठवड्याने काका तापाने फणफणले. बाईंनी बजावलं होतं म्हणून वेळेवर इस्पितळात पोचले आणि वाचले.

परत आल्यावर ते माझ्यासमोर बसले. "मीच पाजलं गं त्याला," काकूंना म्हणाले. काकूंनी रबरी हातमोजे आणून दिले.

आता एक पिल्लू आलं आहे. आधी त्याला लस टोचली, मग माझं पाणी दिलं. संध्याकाळी काका मला ओततात, घासतात आणि उपडा घालतात. परवा एक हमाल सवयीने म्हणाला, "काका, टोप रिकामा! नाव बदलणार ना?"

"बदला," काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

मित्रांनो, तुमच्या मुक्या सोबत्याचं भांडं भरलेलं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आधी ते रिकामं करा. मी काठोकाठ भरलेला होतो, आणि मुकादम माझ्यावर विश्वास ठेवून प्यायला होता.