एक ते दीड

घंटा झाली तशी तिनं वाचता वाचता ओळीखाली स्टीलची पट्टी ठेवली आणि तोंड मिटलं. अर्धं वाक्य बाहेर पडलं होतं, अर्धं कागदावरच राहिलं.

"झालं," हिरो म्हणाला. "औषध थंड जागी ठेवावं आणि... आणि काय, ते आता दीड वाजता कळणार."

तिनं नुसती मान हलवली आणि डबा पुढे ओढला.

औषधाच्या कारखान्यातली ही कागद तपासायची खोली. दोन टेबलं, अंगणाकडे उघडणारी एक खिडकी, भिंतीवर फाटकाशी आणि गोदामाशी जोडलेला फोन. बाटलीवरचं लेबल असो की खोक्यात घालायचं घडीचं माहितीपत्रक, छापायला जाण्याआधी ते इथून जायचं. रीत ठरलेली होती. एकानं मंजूर मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छपाईच्या नमुन्यावर बोट ठेवून बघायचं, आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. वाचायची ती. बघायचा हिरो. नऊ वर्षांत ह्यात बदल झाला नव्हता.

हिरो हे नाव त्याला कारखान्यानं दिलेलं. छप्पन्न वर्षांचा किडकिडीत माणूस, खिशात कंगवा, आणि सिनेमाचं वेड असं की बायको म्हणायची, ह्यांना सरणावरसुद्धा मध्यंतर लागेल. तिला सगळे मौनीबाई म्हणत. दुपारी एक ते दीड ती बोलत नसे. साहेब आले तरी नाही, आग लागली तरी नाही, असं लोक सांगत. आग अजून लागली नव्हती.

हिरोनं डबा उघडला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सवयीनं तिच्या कागदावरची पट्टी उचलून मोबाइलच्या पाठीला टेकण दिली.

"आज शेवट," तो म्हणाला. "शेवटची पंचवीस मिनिटं. रुमाल आहे ना जवळ?"

त्यांचा हा दुसरा नेम होता. जेवताना सिनेमा, पण रोज अर्धा तासच, आणि घरी जाऊन पुढचा बघायचा नाही. हिरो निवडायचा तो सिनेमा एकाच जातीचा असे. चकाचक ऑफिस, त्यात एक धांदरट मुलगी, एक कपाळाला आठ्या घातलेला साहेब. मुलगी नको त्याला नको ते पत्र पाठवणार, साहेबाच्या अंगावर कॉफी सांडणार, दोघं लिफ्टमध्ये अडकणार. आणि दर वेळी लिफ्ट उघडणार. सुरुवातीला तिला वाटलं होतं, मौनात असलं बघणं बरं नव्हे. मग तिनं मनाशी ठरवलं, मौन जिभेचं आहे, डोळ्यांचं नाही. हसू आलं की ती तोंडावर हात घट्ट दाबी, आणि हिरो ओरडे, "हसलात! मोडलं मौन!" ती बोट हलवून नाही म्हणे.

"यांच्या ऑफिसात चूक झाली की लग्न होतं," तो एकदा म्हणाला होता. "आपल्याकडे चूक झाली की मेमो येतो."

ते वाक्य ती घरी जाऊन लेकीला सांगून हसली होती. पण खरं तेच होतं. त्या अर्ध्या तासात तिला जे आवडायचं ते प्रेम नव्हतं. चुकलेल्या माणसाचं तिथे कुणी वाईट करत नाही, उलट चूकच त्याला हाताला धरून दुसऱ्या माणसाच्या दारात नेऊन उभं करते, हे तिला आवडायचं.

पडद्यावरच्या मुलीला नोकरीवरून काढलं होतं आणि ती खोक्यात आपलं सामान भरत होती. इकडे खातखात डाव्या हातानं तिनं शेजारचा कागद ओढला. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं छापून आलेलं माहितीपत्रक. मंगळवारी तपासलं होतं. आज शुक्रवारी छापील प्रत फायलीला लावायला आली होती. एक डोळा सिनेमावर ठेवून ती उगाचच वाचत गेली, जसं कुणी ओळखीच्या गल्लीतून चालत जावं.

गल्लीत एक घर नव्हतं.

तिनं पुन्हा वरून वाचलं. बोट ठेवून वाचलं. मग फायलीतून मूळ मजकूर काढून शेजारी ठेवला. 'दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये.' मूळ कागदावर ही ओळ होती. छापील कागदावर नव्हती. ओळ गाळली छपाईवाल्यानं, पण अशी गळलेली ओळ पकडण्यासाठीच तर ही खोली होती. तपासलेल्या नमुन्याखाली दोन सह्या होत्या. एक तिची.

तिची नजर मोबाइलमागच्या पट्टीवर गेली. मंगळवारी घंटा झाली तेव्हा ह्याच परिच्छेदाशी तिनं पट्टी ठेवली होती. दीड वाजता हिरोनं पट्टी परत ठेवली होती, एक परिच्छेद खाली, हसत, "चला बाई, आता पोटासाठी काम." आणि जिथे पट्टी, तिथून तिनं वाचायला सुरुवात केली होती. तो एक परिच्छेद कुणी वाचलाच नव्हता.

तिनं दोन्ही कागद हिरोपुढे सरकवले आणि त्या जागी बोट ठेवलं.

"अहो, आता तर तो जिना उतरायला..." म्हणत हिरोनं पाहिलं. मग मोबाइलचा आवाज बंद केला.

"कधीचा आहे हा?"

तिनं तीन बोटं दाखवली. तीन दिवस.

"म्हणजे खोक्यांत गेला." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून नऊ मिनिटं. दुपारची गाडी दीडला सुटायची, आणि आज तिच्यात हेच औषध भरलं होतं. "पहिली खेप आजच जाणार. गेली की गेली, शंभर दुकानांत."

तिनं भिंतीवरच्या फोनकडे हात केला. हिरो उठला नाही. तो कंगवा काढून हातात फिरवत बसला.

"बाई," तो हळू म्हणाला, "डॉक्टर सांगतातच ना. घडीचा कागद वाचतंय कोण? मी तरी आजवर वाचला नाही, आणि मी पगार घेतो वाचायचा." तो हसायला गेला, हसू आलं नाही. "माझी दोन वर्षं राहिलीत. तुमची पोर शाळेत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि... नाहीतरी तुम्ही आता गप्पच असता. दीडपर्यंत."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला त्याचा राग आला नाही. राग यावा असं त्यानं काही सांगितलंच नव्हतं. तिच्याच मनात जे दबा धरून बसलं होतं ते त्यानं मोठ्यानं वाचलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी लेक चार वर्षांची असताना तापानं सात दिवस दवाखान्यात होती. सातव्या दिवशी डॉक्टर खांद्यावर हात ठेवून निघून गेले, तेव्हा ती खाटेशी डोळे मिटून बसली. शब्द सुचत नव्हते, म्हणून तिनं देवाला शब्दांवाचूनच हाक मारली. बसली तेव्हा एक वाजला होता. दीड वाजता पोरीच्या कपाळावर घाम आला आणि ती "आई, पाणी" म्हणाली. त्या दिवसापासून तो अर्धा तास तिचा राहिला नव्हता. तो देऊन टाकलेला होता. दिलेलं परत घेतलं तर पोर परत देणारा काय करील, ह्याचा विचारसुद्धा तिनं कधी पुरता केला नव्हता.

आणि आज सकाळीच लेक म्हणाली होती, "आई, घसा खवखवतोय गं. अंगही कसकसतंय." तिला घरी ठेवून ती कामावर आली होती.

एक वाजून बारा.

तिला वाटलं, एखादी चिठ्ठी लिहावी. पण कुणाला? त्यांच्या वरच्या, तपासणीच्या मॅडम जेवायला बाहेर गेल्या होत्या, त्यांचा मोबाइल त्यांच्याच टेबलावर वाजत असायचा. ती उठली आणि तिनं भिंतीवरचा फोन उचलून फाटकाचं बटण दाबलं.

"फाटक," पलीकडून पहारेकरी काकांचा आवाज आला. "हॅलो? कोण बोलतंय?"

तिनं तोंड उघडलं. लेकीचं तापलेलं कपाळ तिच्या तळहाताला लागलं, आत्ता, ह्या खोलीत.

"हॅलो? बोला की! मुक्यानं फोन केलाय का?" काकांनी फोन आपटला.

गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज खिडकीतून आला. आज लवकर. तिनं हिरोकडे पाहिलं. तो खाली मान घालून मोबाइलकडे बघत होता. तिथे तो आठ्या घातलेला साहेब मुलीला गाठायला जिना उतरत होता, आवाजाविना, सात मजले. ती दाराकडे वळली आणि पळत सुटली.

सिनेमात पळणाऱ्याचा टाय वाऱ्यावर छान उडतो. तिच्या चपलेचा अंगठा पहिल्याच वळणावर तुटला. तिनं चप्पल तिथेच सोडली. अंगण कधी इतकं लांब नव्हतं. हातगाडीवाले बाजूला झाले, कुणीतरी म्हणालं, "मौनीबाई पळतायत, बघा बघा." गोदामापुढून गाडी हलली होती. मोठं निळं धूड हळूहळू फाटकाकडे सरकत होतं. एका एका खोक्यात एकेक घडीचा कागद. एकेका घरात एकेक आई, एका हातात चमचा, एका हातात तापलेलं मूल.

"थांबवा!"

आवाज तिचाच होता. फाटका, घोगरा, ओळख न लागणारा.

गाडी थांबली. ती फाटकाशी पोचली तेव्हा आडवा दांडा खालीच होता आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काकांशी भांडत होता.

"अहो, बोलू नका, बोलू नका," काका तिला म्हणाले. "सगळं कळलं. हिरोचा फोन आला मघाशी. म्हणाला, गाडी सोडू नका, माझ्या हातून चूक झालीय. आणि म्हणाला, बाई पळत येतायत, त्यांना बोलायला लावू नका, त्यांचं मौन आहे." त्यांनी तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "दांडा काही मी वर केलाच नव्हता."

ती खांबाला धरून उभी राहिली. मघाशी. म्हणजे ती ओरडली नसती तरी गाडी थांबणारच होती.

फाटकाच्या खोलीतल्या घड्याळात एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. तिनं काकांच्या मोबाइलकडे बोट केलं. त्यांनी तो न विचारता दिला. नंबर दोनदा चुकला. मग घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. सातव्या घंटेला ती मनात देवाला काहीतरी कबूल करायला लागली होती.

"हॅलो, कोण?"

"मी."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"आई? आई, अजून दीड वाजला नाहीये."

"हो."

"काय झालं? आई, काय झालंय? तू बोलतेयस कशी?"

"काही नाही गं. घसा कसा आहे? ताप बघितलास?"

"मला काही नाही झालंय, तू सांग आधी. मला भीती वाटतेय."

"चूक झाली होती एक," ती म्हणाली. "माझ्या हातून. लहान पोरांच्या औषधात. गाडी निघाली होती. मग... ओरडले मी."

लेकीला सगळं ठाऊक होतं. कुणाच्या जिवासाठी तो अर्धा तास, ते तिला आठवत नसलं तरी सांगून सांगून पाठ होतं.

"किती वाजलेत तिकडे?" तिनं विचारलं.

"एक वीस."

"मग उरलेली दहा मिनिटं मी बसते. माझ्यासाठीच आहे ना ते? मी बसते गप्प. तू फोन ठेवू नकोस. तुला बोलावं लागलं तर बोल."

आणि ती गप्प झाली. कानाशी फक्त तिचा श्वास राहिला, सर्दीनं जरा घरघरणारा.

अंगण ओलांडून हिरो येत होता. एका हातात फाइल, तिच्यावर ती स्टीलची पट्टी, दुसऱ्या हातात तिची तुटकी चप्पल. त्याचे केस विस्कटले होते आणि त्याला त्याचं भान नव्हतं. जवळ येऊन त्यानं चप्पल तिच्या पायाशी ठेवली. तिच्याकडे बघितलं नाही.

"मी फोनवर सांगितलंय," तो पुटपुटला. "पट्टी माझ्या हातून सरकली. तुमचं नाव घेतलं नाही."

फाटकाबाहेर रिक्षा थांबली आणि तपासणीच्या मॅडम उतरल्या. अडवलेली गाडी, जमलेली माणसं, एक अनवाणी बाई. त्या झपझप आत आल्या.

"काय चाललंय हे? गाडी कुणी अडवली?"

हिरोनं एक पाऊल पुढे टाकलं. त्यानं फाइल पुढे केली.

ती श्वास ऐकत होती. येत होता, जात होता, येत होता. फोन कानापासून न काढता तिनं तोंड उघडलं.

"मॅडम," ती म्हणाली, "वाचणारी मी होते."